न झालेल्या चोरीची कबुली

लिहिणे हे माझे काम नव्हे. घरात कॉलेजची पायरी चढलेला मीच पहिला, आणि पुढे नोकरीत पंचनामे आणि जबाब सोडून काही लिहिले नाही. काही चुकले तर वाचकांनी सांभाळून घ्यावे. निवृत्त झालो तरी एक प्रकरण मनातून जात नाही, म्हणून हे धाडस.

तेव्हा मी सातारा जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी नुकतीच आटोपली होती. उंब्रजकडचे एक निवृत्त सुभेदार आले. इस्त्रीचा शर्ट, काखेत फाईल. खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

"साहेब, माझ्यावर गुन्हा नोंदवा," ते म्हणाले. "पोरींचे फोटो माझ्या हातनं गेले."

ठाणे अंमलदाराची लेखणी थांबली. स्वतःविरुद्ध फिर्याद घेऊन आलेला माणूस आम्ही कोणी पाहिला नव्हता.

फौजी घरांतली लग्ने जुळावीत म्हणून सुभेदार एक वेबसाइट चालवत, कुणाकडून काही न घेता. त्यांना सांगलीजवळच्या कुपवाडमधल्या एका वेबसाइट सुरक्षा कंपनीतून फोन आला. पाठोपाठ लाल अक्षरांतला अहवाल आला: साइटला भोके आहेत, मुलींची छायाचित्रे बाहेर गेली असण्याची शक्यता आहे. फोनवरचा तरुण म्हणाला होता, "काका, गेलेतच समजा. आमचं वर्षाचं संरक्षण घ्या."

दुसऱ्या कोणी संरक्षण घेतले असते किंवा फोन ठेवून दिला असता. सुभेदारांनी साइट बंद केली आणि दुचाकीवर घरोघर जाऊन प्रत्येक मुलीच्या वडिलांची माफी मागितली. नुकसान झाले तर आधी कळवायचे, ही त्यांची फौजेतली सवय. वडूजजवळच्या एका मुलीचे लग्न ठरले होते. बातमी पसरली आणि मुलाकडच्यांनी आठ दिवसांत नकार कळवला. मुलीच्या वडिलांनी सुभेदारांना दोष न देता चहा पाजला. तेच त्यांना सोसवेना.

मला कॉम्प्युटरचे फारसे कळत नव्हते. फोटो गेलेच असे धरून मी आठवडाभर चोर शोधला. ती माझी चूक. सायबर शाखेतल्या महिला हवालदार मात्र म्हणाल्या, "साहेब, आत कोणी शिरल्याची खूणच नाही." त्या कंपनीलाच पारखायला त्यांनी वधूवर मंडळासारखे नाव देऊन एक नवी साइट उघडली. आत एकच ओळ: काम चालू आहे. शिवाय एक फोन नंबर. फोटो एकही नव्हता.

तिसऱ्या दिवशी त्याच तरुणाचा फोन आला. मुलींची छायाचित्रे बाहेर गेली असण्याची शक्यता आहे, म्हणाला. पाठोपाठ आलेला अहवालही शब्दाला शब्द तोच.

फसवणुकीचा गुन्हा नोंदवला, सांगलीच्या पोलिसांना कळवले आणि पंच घेऊन कुपवाडला गेलो. खाली लेथ मशीन चालू, वर कानाला हेडफोन लावलेली आठदहा मुलेमुली. भिंतीवर कागद चिकटवला होता. दवाखाना असेल तर रुग्णांचे आजार सांगा. शाळा असेल तर मुलांचे पत्ते. वधूवर असेल तर मुलींचे फोटो. मी तो कागद दोनदा वाचला. मग पंचांसमोर जप्त केला.

फोन करणारा तो तरुण तिथेच सापडला; तो शेतकऱ्याचा मुलगा होता, माझ्यासारखाच घरातला पहिला पदवीधर. तपासणी कशी करता, असे मी विचारले.

"तपासणी न्हाई साहेब. साइटचं नाव टाकलं की अहवाल निघतो."

"आणि गेलेले फोटो?"

"ते आमी बघतच न्हाई. शक्यता हाय आसं लिवलंय. शक्यता कशाची बी असती."

मी त्याला सुभेदारांची सगळी हकिकत सांगितली. खरोखरच न समजल्यासारखे त्याने विचारले, "पण काका घरोघर कशाला गेले, साहेब? कोणच जात न्हाई."

त्याची कबुली मिळाली, पण मला झोंबला तो हा प्रश्न. लोक लाजेने गप्प राहतील, या भरवशावर तो धंदा चालत होता. जो गप्प राहिला नाही त्याच्याच हातून एका मुलीचे लग्न मोडले. तोवर मला वाटे, खरे बोलणाऱ्याला पोलिसांची गरज पडत नाही. या प्रकरणाने मला ते चूक असल्याचे शिकवले.

फोटो गेलेच नव्हते, असे लेखी पत्र मी सुभेदारांना दिले. ते घेऊन ते पुन्हा घरोघर फिरले. खटला अजून चालू आहे.

गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला. वडूजच्या त्या मुलीकडे मुलाकडचे परत आले होते, चूक झाली म्हणत. मुलीने स्वतः बाहेर येऊन त्यांना नाही म्हणून सांगितले.

"आणि पोरीनं मला निरोप धाडलाय," सुभेदार म्हणाले. "आबा, साइट चालू करा, पयला फोटो माझा लावा."