नाव घेत न्हाय

"नाव घेत न्हाय," असं म्हणून वकीलसाहेब ओठांवर बोट ठेवायचे आणि पुढची पाच मिनिटं नावाखेरीज सगळं सांगायचे. मीही त्यांचं नाव घेत नाही. इंदापूरकर ओळखतीलच.

कोर्टाबाहेर माझं टायपिंगचं टेबल. तिथंच ते कायद्याचे व्हिडिओ करायचे, मोबाइल मला धरायला लावून. वकिलाला जाहिरातीला बंदी, म्हणून त्यांनी फोन नंबर कधी सांगितला नाही. लेकीच्या लग्नात वाटलेली, नाव-नंबर छापलेली पिशवी तेवढी मांडीवर असायची.

एकदा पळसदेवची एक बाई आली. वडिलांच्या जमिनीत वाटा मागावा का, एवढंच विचारायचं होतं. भावाला कळलं तर माहेर तुटेल, ही धास्ती. "साहेब, हितलं हितंच ऱ्हाऊ द्या," असं ती दोनदा म्हणाली.

दोन दिवसांत व्हिडिओ तयार. "नाव घेत न्हाय. पण उजनीकाठचं गाव, पाणी उतरलं की देऊळ दिसतं. भाऊ मासळीचा व्यापारी, दारात निळा टेंपो. बहिणीला वाटा मिळतो का? मिळतो!" मोबाइल मीच धरला होता, तेव्हा मीही काही धुतल्या तांदळासारखा नाही.

तिसऱ्या दिवशी ती टेबलापुढं उभी. भाऊ फोन उचलत नव्हता.

"साहेब, नाव तेवढंच ऱ्हायलं की सांगायचं!"

"अवो ताई, टेंपो हिरवा हाय त्यांचा. मी मुद्दाम निळा सांगितला!"

मला हसू फुटलं. मग तिचे डोळे पाहिले आणि लाज वाटली. साहेबांनी व्हिडिओ काढून टाकला, पण तोवर तो बारामतीपर्यंत फिरला होता. ते स्कूटरवरून तिच्या भावाकडं गेले, स्वतःचे कान धरले. भावानं चहा दिला, शब्द दिला नाही.

परत आल्यावर शेवटचा व्हिडिओ केला. "नाव घेत न्हाय. इंदापूर कोर्टात एक वकील हाय. टक्कल हाय, स्कूटरला आरसा एकच. त्यानं एका बहिणीचा इश्वास मोडला. त्याच्याकडं इचार करून जा."

आठवड्यानं तीच बाई जमिनीचे कागद घेऊन साहेबांकडंच आली. "दुसऱ्या वकिलाला अजून ठेच लागायची हाय," ती म्हणाली. "तुमाला लागलीय."

त्या कामाचा एकही कागद त्यांनी मला टाइपला दिला नाही. घरून एका बोटानं टाइप करून आणायचे, चुकांसकट.

"भाऊ बोलतो का आता तिच्याशी?" मी विचारायचो.

"नाव घेत न्हाय," म्हणून ते ओठांवर बोट ठेवायचे. आणि पुढं खरंच काही बोलायचे नाहीत.

मागच्या वर्षी ते गेले. मला अजून टेबलाशी करमत नाही. दहाव्याला घाटावर एक टेंपो येऊन थांबला. चालवणाऱ्याच्या शेजारून ती बाई उतरली.

टेंपो हिरवाच होता.