निरोप आला नाही की पंप बंद

पंप तिसऱ्यांदा बंद पडला तेव्हा साडेबारा वाजत होते. रोह्याच्या एका केमिकल प्लँटमध्ये मी इन्स्ट्रुमेंटेशन बघायचे. मॅनेजर साहेब माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

"मॅडम, बॅच वाया जाईल. ते कम्युनिकेशन बायपास करा."

सांगते कसं असतं ते. पंप टाकीतलं अ‍ॅसिड रिअ‍ॅक्टरला पाठवतो. टाकीपाशी एक सेफ्टी कंट्रोलर, रिअ‍ॅक्टरपाशी दुसरा. दोघं सेकंदाला कैक वेळा एकमेकांना कळवतात, 'मी ठीक आहे.' ठरलेल्या वेळात निरोप आला नाही, तर टाकीकडचा कंट्रोलर कारण विचारत बसत नाही. पंप बंद करून मोकळा होतो. बायपास म्हणजे, निरोप येवो न येवो, पंप चालूच.

मलाही वैताग आला होता. दोन्ही कंट्रोलर तपासले, ठणठणीत. बायपासचा पासवर्ड टाकायला घेतला, तेवढ्यात ऑपरेटर काशिनाथ बोलला. पेणच्या खाडीकडचा माणूस.

"मॅडम, आमच्याकडं उधाणाला खाडीचं पानी अडवनाऱ्या खारबांधावर दोन टोकांना दोघं उभे असतात. हाकेला ओ आली नाय, तर तो झोपला असंल म्हनत बसत नाय कोन. बांध फुटला समजून धावतात."

मी हात मागे घेतला. नोंदी पाहिल्या. तिन्ही वेळा पंप सुरू झाल्यावर वीसेक मिनिटांनीच निरोप तुटला होता.

कंट्रोलर ठीक, म्हणजे दोष निरोप नेणाऱ्या केबलमध्ये. तिच्या मागाने गेलो: वर अ‍ॅसिडचा पाइप, त्याखाली केबलचा ट्रे, त्याखालून कॅन्टीनची वाट. वाट बंद केली, पंप सुरू केला आणि लांब उभे राहिलो. साहेब कुरकुरत आले.

थोड्या वेळाने पाइपच्या जोडातून थेंब सुटला. मग दुसरा. अ‍ॅसिडने कव्हर खाल्लेली केबल भिजली, निरोप तुटला, पंप थांबला. पंप थांबला तशी गळतीही थांबली. म्हणूनच सकाळपासून ती कुणाला दिसली नव्हती.

कंट्रोलरच्या त्या दोन डब्यांना गळतीबद्दल काही म्हणजे काही माहीत नव्हतं. तरी तीनदा त्यांनी ती थांबवली होती, आणि मी त्यांनाच गप्प करायला निघाले होते. हात जोडावेसे वाटले.

एक वाजायला आला होता. एकला सगळी शिफ्ट त्या वाटेने जेवायला जाते. साहेब सगळ्यांच्या पुढे.

संध्याकाळी जोड उघडला तर गळती रोखणारं आतलं गॅस्केट हातात भिजल्या पापडासारखं आलं. बॅच वाया गेली. साहेबांनी रिपोर्टवर सही केली.

चूक आमचीही निघाली. एक केबल गेली तर दुसरी असावी म्हणून दोन केबल होत्या, आणि आम्ही शहाण्यांनी दोन्ही एकाच ट्रेमधून नेल्या होत्या; दोन्ही एकदमच भिजल्या. आता दुसरी वेगळ्या बाजूने जाते. पण तशी आधीच नेली असती, तर निरोप तुटला नसता आणि पंप एकपर्यंत चालूच राहिला असता. हे मी रिपोर्टमध्ये लिहिलं नाही.