पटाचा कोपरा आणि चित्राखालचं नाव

श्रीमती शकुंतला गजभिये, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या शकुंतलामावशी, यांची आणि माझी ओळख झाली ती त्यांनी माझी चूक काढली म्हणून. निदान मला तसं वाटलं होतं. न्यू जर्सीतल्या एडिसन गावी एका शाळेच्या कॅफेटेरियात आपल्या मराठी मंडळाने मुलांची बुद्धिबळ स्पर्धा ठेवली होती. मी आठवडाभर जर्सी सिटीत कोड लिहिणारा आणि शनिवारी मुलांना बुद्धिबळ शिकवणारा माणूस. स्पर्धेला जरा भारदस्तपणा यावा म्हणून मी दाराशी एक मोठं पोस्टर लावलं होतं. जुनं ब्रिटिश छापचित्र, त्यात केसांचे टोप घातलेले दोन तत्त्वज्ञ पटावर वाकून बसलेले. सुती साडीवर जाड स्वेटर घातलेल्या एक बाई त्यासमोर थांबल्या आणि म्हणाल्या, "पट उलटा मांडलाय."

मी धावत जाऊन मुलांचे सगळे पट तपासले. एकही उलटा नव्हता. घाम पुसत परत आलो तर त्या म्हणाल्या, "अहो, मुलांचे नाही. ह्या दोघांचा."

खेळाडूच्या उजव्या हाताच्या कोपऱ्यात पांढरं घर हवं, हे आम्ही मुलांना पहिल्याच दिवशी शिकवतो. चित्रात तिथे काळं घर होतं. "पेंटरला चेस येत नसेल," मी म्हणालो. "असेल तसंही," मावशी म्हणाल्या, "पण दुसरी शक्यता बघा ना." मग त्यांनी समजावून सांगितलं. कारागीर समोरचं रंगीत चित्र बघून तांब्याच्या पत्र्यावर कोरतो. पत्र्याला शाई लावून वर कागद दाबला की सगळं आरशात दिसावं तसं उलटतं. डावं ते उजवं होतं, उजव्या हाताचा माणूस डावखुरा होतो. म्हणजे ज्या मूळ चित्रावरून हे कोरलं, त्यात पट सरळ असणार. बुद्धिबळात डोकं घालून माझी वीस वर्षं गेली होती, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. त्या दिवशी स्पर्धा कोण जिंकलं ते आता आठवत नाही.

मावशी मूळच्या नागपूरच्या. वडील गिरणीत कामाला. त्यांनीच खडूने फरशीवर पट आखून लेकीला खेळ शिकवला आणि त्याबरोबर एक सवयही लावली. तपासल्याशिवाय काही मानायचं नाही, मग सांगणारा कितीही मोठा असो. बुद्धांनी हेच सांगितलं आणि बाबासाहेबांनीही हेच, असं ते म्हणत. पुढे मावशी अमेरिकेत आल्या, जुन्या कागदांची डागडुजी शिकल्या आणि न्यू जर्सीतल्या एका छोट्या संग्रहालयात त्यांनी सारी नोकरी केली. ब्रिटिश तत्त्वज्ञ आणि बुद्धिबळ यांची जुनी चित्रं हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. 'मावशी, हे कुठून निघालं?' असं मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "अरे, विचार करणारा माणूस चित्रात दाखवायचा कसा? नुसता बसलेला काढला तर पेंगतोय असं वाटतं. पुढ्यात पट ठेवला की विचार दिसतो. पण तो खरंच खेळत होता, की चित्रकाराने बसवला होता, हे मला बघायचंय." असं बघता बघता त्यांची चाळीस वर्षं गेली.

त्यांच्या मायेचा अनुभव आपल्यापैकी अनेकांना आहे. माझा सांगतो. आमच्या बेसमेंटमध्ये पाणी शिरलं तेव्हा माझ्या वडिलांची बुद्धिबळाच्या डावांची वही भिजून लगदा व्हायला आली होती. मी ती टाकूनच देणार होतो. मावशींनी ती घरी नेली, एकेक पान टीपकागदात घालून वाळवलं आणि तीन आठवड्यांनी परत दिली. एका पानावर चहाचा गोल डाग तसाच होता. मी बघतोय हे पाहून म्हणाल्या, "तो निघाला असता. पण कप तुझ्या बाबांनी ठेवला होता ना? मी नाही काढणार." मी गाडीत बसून रडलो, हे त्यांना आज पहिल्यांदाच कळेल.

आता ज्या प्रसंगासाठी हा लेख लिहायला घेतला त्याकडे येतो. माझ्या पोस्टरवरच्या छापचित्राशी तंतोतंत जुळणारं एक छोटं तैलचित्र मावशींच्या संग्रहालयाला देणगीत मिळालं होतं. छापचित्र ज्यावरून कोरलं ते मूळ चित्र हेच, आणि डावीकडचा खेळाडू म्हणजे एक प्रसिद्ध स्कॉटिश तत्त्वज्ञ, असं मावशींनी अकरा वर्षं खपून मांडलं. निवृत्तीच्या आधीचं त्यांचं शेवटचं प्रदर्शन या चित्राभोवतीच उभं राहणार होतं. चित्रांखाली लावायच्या पाट्या छापून झाल्या होत्या. त्या तत्त्वज्ञाचं नाव मी इथे लिहीत नाही. का, ते आता कळेलच.

उद्घाटनाला दहा दिवस असताना मावशींनी मला मोठ्या कौतुकाने चित्र दाखवायला नेलं. बुद्धिबळवाल्यांना एक खोड असते. चेहरे राहिले बाजूला, आम्ही आधी पट बघतो. उजवीकडचा कोपरा पाहिला. काळं घर! छापचित्रात ते काळं असणं ठीक होतं, ते उलटलेलं असतं. पण हे जर मूळ चित्र, तर इथे ते पांढरं हवं होतं. दोन्ही चित्रं तंतोतंत जुळतात, यालाच मावशींनी पुरावा मानलं होतं, आणि नेमकं ते जुळणंच त्यांच्या विरोधात जात होतं. तैलचित्रावरून छापचित्र निघालं नव्हतं. छापचित्र बघून पुढे कोणीतरी तैलचित्र रंगवलं होतं. आम्हा सगळ्यांना कोपरा बघायला शिकवणाऱ्या मावशींची नजर इतकी वर्षं छापचित्र बघून बघून त्या उलट्या पटालाच सरावली होती.

 "सुंदर आहे," म्हणालो आणि ट्रेन पकडली. पुढचे चार दिवस मी स्वतःची समजूत घालत होतो, की बाईंचं आयुष्यभराचं काम आहे, आपण कोण बोलणारे, जगात कोणाला कळणार आहे? पाचव्या दिवशी राहवेना. त्यांच्या स्वयंपाकघरात बसून, खाली मान घालून एकदाचं सांगून टाकलं.

मावशी उठून आत गेल्या. मग त्यांनी चित्राचा फोटो आणला, भिंग आणलं. "पट चुकू शकतो. पेंटरला खेळ येत नसेल," त्या म्हणाल्या. माझेच शब्द त्या मला ऐकवत होत्या, आणि ते खरे ठरावेत असं मला मनापासून वाटत होतं. मग त्यांनी भिंग दोघांच्या कोटांवर नेलं. पुरुषाच्या कोटाची डावी बाजू उजवीवर येते. इथे दोघांच्याही कोटाची उजवी बाजू डावीवर होती. भिंग खाली ठेवून मावशी म्हणाल्या, "पट एकवेळ चुकेल रे. दोघांचे शिंपी कसे चुकतील?"

 तशाच उठून त्यांनी संग्रहालयाच्या संचालकांना फोन लावला. पलीकडचं मला ऐकू येत नव्हतं, पण उत्तरांवरून कळत होतं. पाट्या छापून झाल्यात, पाहुणे ठरलेत, नंतर एखाद्या लेखात दुरुस्ती करू, कोणाला दिसणार आहे, असं ते म्हणत असावेत. "बट आय हॅव सीन इट," एवढंच मावशी पुन्हा पुन्हा म्हणाल्या. फोन ठेवल्यावर मला म्हणाल्या, "चार दिवस का थांबलास? तेवढ्यात मी नवी पाटी लिहिली नसती का?" त्या मला रागावल्या अशी तेवढी एकच वेळ.

प्रदर्शन ठरल्या दिवशीच उघडलं. चित्रच मूळ नाही म्हटल्यावर त्यावरून लावलेलं तत्त्वज्ञाचं नावही उतरवलेलं होतं. तैलचित्र आणि छापचित्र शेजारी शेजारी लावली होती आणि मधे साखळीला एक हातआरसा अडकवला होता. पाटीवर लिहिलं होतं, की या चित्राबद्दल मी अकरा वर्षं चुकीचं सांगत आले. का, ते पटाच्या कोपऱ्यात आणि कोटांच्या बटणांत शोधा. खाली मावशींचं नाव होतं आणि चूक दाखवणारा म्हणून माझंही. मला तिथे उभं राहवेना. लोक मात्र आरसा हातात घेऊन रांगेने कोपरे बघत होते, आपल्याच कोटाची बटणं चाचपत होते. एक मुलगी आईला ओढत म्हणाली, "आई, कम बॅक, यू डिडन्ट चेक द बटन्स!" मावशी कोपऱ्यातल्या खुर्चीवरून हे बघत होत्या आणि खळखळून हसत होत्या.

विद्वत्तेबद्दल आदर वाटावा अशी माणसं मला पुष्कळ भेटली. आपल्या अकरा वर्षांच्या श्रमावर आपल्याच हाताने काट मारून उद्घाटनाच्या दिवशीच लोकांबरोबर हसू शकणारी व्यक्ती मात्र मी एकच पाहिली.

आज पंच्याहत्तरी गाठतानाही मावशी स्वस्थ नाहीत. ज्यात पट सरळ आहे असं मूळ चित्र कुठेतरी असणारच, असं त्या म्हणतात. कोणाच्या तरी जिन्यात, कोणाच्या पोटमाळ्यावर. त्यासाठी गावोगावच्या लिलावांच्या याद्या त्या रोज भिंगाखाली वाचतात. मावशी, तुम्हाला उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो. ते चित्र सापडेपर्यंतचं तर लाभोच, पण तेवढं पुरणार नाही. सापडल्यावर त्यावर संशय घ्यायला निदान अकरा वर्षं तरी वर लागतील.