अण्णांनी भरून ठेवलेली नळी

फोन आला तेव्हा माझ्या हातात पाना होता. महिना होत आला त्याला. जे. पी. नगरातल्या आमच्या औषध तपासणीच्या प्रयोगशाळेत मी पंपाचा नट बसवत होते. फोनवर अक्का, म्हणजे अण्णांच्या पत्नी, एवढंच म्हणाल्या, "मेधा, अण्णा गेले ग..." मी "हो" म्हटलं आणि नट आवळतच राहिले. आवळता आवळता त्याचे आटे गेले. नट बोटांनी बसवायचा, पान्याने फक्त पाव फेरी द्यायची, हे अण्णांनी मला किती वेळा सांगितलं असेल! तो वाया गेलेला नट अजून माझ्या खणात आहे.

अण्णा म्हणजे आनंदराव, मल्लेश्वरमचे. त्यांचं घराणं किती पिढ्यांपूर्वी इकडे कन्नड मुलखात आलं ते त्यांनाही नीट सांगता येत नसे. मी नाशिकची, लग्नानंतर के. आर. पुरमला आलेली; त्यांची कन्नड मिसळलेली मराठी ऐकून मला आधी हसू यायचं. वर्षानुवर्षं बंद पडलेली एचपीएलसी यंत्रं पुन्हा चालती करणं हे त्यांचं काम. औषधाच्या गोळीत काय आणि किती आहे ते हे यंत्र सांगतं. पंप द्रव ढकलतो, तो बारीक पावडर ठासलेल्या वीतभर स्टीलच्या नळीतून जातो आणि त्यातले पदार्थ एकेक करून वेगळे बाहेर पडतात. त्या नळीला कॉलम म्हणतात. रोज चालवलं तर यंत्र अगदी गरीब गाय असतं, पण पडून राहिलं की त्याच्याजवळ जायलाही धीर लागतो.

आमची प्रयोगशाळा काही वर्षांपूर्वी अचानक बंद झाली, त्या शेवटच्या दिवशी यंत्रावर मी होते. क्षारांचं पाणी वापरलं की नंतर सगळं साध्या पाण्याने निवांत धुवायचं असतं. मला बस गाठायची होती. आठवड्याभरात परत येऊच, काही होत नाही, असं स्वतःशीच म्हणून मी बटण बंद केलं आणि परत आले ती दीड वर्षाने, प्रयोगशाळा पुन्हा उघडली तेव्हा. कुणाला कळू नये म्हणून सगळ्यांच्या आधी पोचले आणि घाईघाईने थेट शुद्ध मेथॅनॉल सोडलं. याहून मोठा गाढवपणा नाही, कारण मेथॅनॉलमध्ये ते क्षार विरघळत नाहीत, उलट जागच्या जागी थिजतात. पडद्यावर दाबाचा आकडा चढत गेला, पंप किंचाळला आणि थांबला. यंत्र एकच होतं आणि नोकरीही एकच.

साहेबांनी बोलावलेले अण्णा दुपारी आले. अर्ध्या बाहीचा शर्ट, खांद्याला कापडी पिशवी. पंप उघडल्यावर आत पांढरी खरपुडी दिसली. त्यांनी ती नखाने खरवडली आणि माझ्याकडे पाहिलं.

"खाऱ्या पाण्यातच ठेवून गेलीस काय ग, अम्मा?"

"काही होत नाही असं वाटलं..."

"ते वाक्य माझ्यापुढे बेडा. पुन्हा म्हणायचं नाही." मग साहेब आत आले. मी डोळे मिटून घेतले. अण्णा त्यांना म्हणाले, "सील गेलीत, वॉल्व्ह अडकलाय. दोन दिवस लागतील. ही मुलगी माझ्याबरोबर पाहिजे." ते दोन दिवस आम्ही, कॉलम काढून ठेवून, त्या पंपातून नुसतं कोमट पाणी सोडत बसलो, थेंबाथेंबाने. मी वेग वाढवायला हात पुढे केला की ते म्हणत, "स्वल्प थांब की." दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आकडा खाली आला आणि मी तिथेच रडले. साहेबांना त्यांनी काही सांगितलं नाही, पण मला सोडलंही नाही. कॉलम धुऊन, ताजा द्रव भरून, दोन्ही टोकांना बुचं लावल्यावर त्यांनी एक कागदाची चिठ्ठी दोऱ्याने त्याला बांधली आणि माझ्या हातून लिहून घेतलं: आत काय आहे, कधीपासून आहे, कुणी ठेवलं. "नाव लिही. उद्या उघडणाऱ्याला कळू दे."

त्यानंतर सुटीच्या दिवशी मी त्यांच्याबरोबर जाऊ लागले. एकदा एका कॉलेजच्या अडगळीत आठ वर्षं पडलेलं यंत्र होतं. सगळं झाडूनपुसून झालं, आणि बटणावर ठेवलेला त्यांचा हात थरथरताना मला दिसला.

"अण्णा, बरं नाही का?"

"भीती वाटते ग. दर वेळी वाटते. आत काय झालंय ते दिसत नाही ना." मला ते तेव्हा गमतीचं वाटलं. चाळीस वर्षं हेच काम केलेला माणूस एका बटणाला भितो म्हणून मी त्यांना परतीच्या मेट्रोत चिडवलंसुद्धा. तेही हसले.

शेवटचं भेटलो ते इस्पितळात. दुसऱ्या दिवशी सकाळी हृदयाचं ऑपरेशन होतं. त्या हिरव्या कपड्यांत ते अगदी लहान दिसत होते. अक्का औषधं आणायला खाली गेल्या, तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं. बोटं गार होती. "मेधा, भीती वाटते ग," म्हणाले. मीही घाबरले होते, इतकी की मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "काही होत नाही, अण्णा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागावले नाहीत. "सरी," म्हणजे बरं, एवढंच म्हणाले आणि मनगट सोडलं... ऑपरेशननंतर ते शुद्धीवर आलेच नाहीत. मी "मलाही वाटते" म्हटलं असतं तर ते वाचले असते असं नाही. पण ते माझ्याशी आणखी काही बोलले असते. ते काय बोलले असते, हे मला आता कधीच कळणार नाही.

तेरावा झाल्यावर अक्कांनी मला मल्लेश्वरमला बोलावलं. अण्णांच्या कपाटातला एक डबा माझ्यापुढे ठेवला. "तुला द्यायला सांगितलं होतं." आत त्यांचा स्वतःचा जुना कॉलम होता, कुणीतरी भंगारात टाकलेला आणि त्यांनी महिनाभर खपून जिवंत केलेला. चिठ्ठीवर त्यांचं तिरकं अक्षर होतं. आत: मेथॅनॉल आणि पाणी. कुणी ठेवलं: आनंदराव. तारीख इस्पितळात दाखल होण्याच्या आदल्या दिवसाची. मला ते ऑपरेशन किरकोळ आहे म्हणून सांगत होते, आणि घरी बसून बुचं घट्ट करत होते.

तो डबा मी दोन आठवडे उघडला नाही. कॉलम यंत्राला लावला की अण्णांनी भरलेला द्रव वाहून जाणार, टाकाऊच्या बाटलीत पडणार. नाही लावला तर बुचातून हळूहळू उडून जाणार आणि कॉलम सुकून मरणार. यातलं कुठलंच मला सोसणार नव्हतं. साहेबांनी विचारलंही, "लावून टाका की, काय होतंय?"

काल सकाळी लवकर गेले. बुचं काढली. नट बोटांनी बसवला, पान्याने पाव फेरी दिली. वेग सर्वांत कमी ठेवला. बटणावर हात ठेवला. खोलीत कुणी नव्हतं, तरी मी मोठ्याने म्हटलं, "अण्णा, मला भीती वाटतेय."

दाबाचा आकडा चढला, चढला आणि थांबला. नळीच्या टोकाशी एक थेंब जमला. मी त्याच्याखाली छोटी कुपी धरली, भरल्यावर झाकण लावलं आणि दोऱ्याने त्यांचीच चिठ्ठी बांधली. कुणी ठेवलं या ओळीत मी काही बदललं नाही.