सारांशाचा रकाना

आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात पुस्तकं देण्याघेण्याच्या दोन क्रमांकाच्या खिडकीवर एक बाई बसतात. मुलं त्यांना संदर्भताई म्हणतात, मला नुसतं सर. मी इतिहास शिकवतो, ऑनलाइन ज्ञानकोशात माझे एकशे चाळीस लेख आहेत. तरी नवी मुलं लेख कसा लिहायचा ते विचारायला जातात खिडकीवर! माझ्या पोटात दुखायचं, लपवू कशाला?

वडील गेले आणि बाईंचं शिक्षण बारावीतच सुटलं. तेव्हापासून सव्वीस वर्षं त्या याच खिडकीवर. परत आलेलं प्रत्येक पुस्तक चाळायचं, पेन्सिलच्या खुणा खोडायच्या आणि खोडताखोडता वाचायचं. खोडरबर दोऱ्याने टेबलाला बांधलेला, कारण मुलं पळवतात.

शनिवारी त्या सहा संगणकांवर नवख्यांची कार्यशाळा घेतात. यंदा तिचं प्रमुखपद मला हवं होतं. प्राचार्य म्हणाले, "एकदा शिकवून दाखवा, मग बघू."

मी गेलो तेव्हा बाई नेहमीचंच सांगत होत्या. "आपल्याच ज्ञानकोशातल्या दुसऱ्या पानावरून मजकूर उचललात, तरी जतन करण्याआधी काय बदललं ते नोंदवायच्या सारांशाच्या रकान्यात त्या पानाचं नाव लिहा."

"पण ताई, ते तर सगळ्यांचंच असतं ना?"

"सगळ्यांचं झालं म्हणून लिहिणाऱ्याचं राहत नाही होय रे?"

मुलं हसली. मी पुढे होऊन पडद्यावर माझा दीपगृहावरचा लेख लावला. निवडक लेखाचा मान मिळालेला. पहिल्या बाकावरच्या मुलीने कुणी कधी काय लिहिलं ते दाखवणारा त्याचा बदलांचा इतिहास उघडला, मग त्यातलं एक वाक्य ज्ञानकोशात शोधलं.

"सर, हे तीन परिच्छेद एकदम आलेत. बंदराच्या पानावर ते आधीपासून होते. लिहिणारं खातं... 'खिडकी क्रमांक दोन'."

सगळ्यांनी बाईंकडे पाहिलं. मजकूर उचलताना तो कुणाचा, हे बघायची मला गरजच वाटली नव्हती.

"तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं.

"चार वर्षं झाली. वाटलं, येईल सरांच्या लक्षात." मग पहिल्या वर्षाच्या पोरांना सांगतात त्याच आवाजात म्हणाल्या, "सोपं आहे. जुन्या बदलाचा सारांश आता बदलता येत नाही, म्हणून नवा बदल करा. लेखात एक मोकळी जागा टाका, रकान्यात पानाचं नाव लिहा, जतन करा."

मी सगळ्यांसमोर लिहिलं. कार्यशाळा त्यांच्याकडेच राहिली, हे सांगायला नको.

त्या लेखातलं एक वाक्य मला माझ्या एकशे चाळीस लेखांत सर्वांत आवडतं. ते त्या तीन परिच्छेदांतलंच आहे. ते मला सुचायला हवं होतं, असं आजही वाटतं.