लमीसचा फळा

शिकागोच्या डेव्हन ॲव्हेन्यूवर आमचं किराणा दुकान आहे. दाराबाहेर भाजीचे भाव लिहायला काळा फळा असतो. लमीस कामाला लागली आणि भावांशेजारी खडूची भेंडी, वांगी उगवायला लागली. कारलंसुद्धा असं काढते की घ्यावंसं वाटतं!

लमीस पॅलेस्टिनी. दमास्कसजवळच्या निर्वासितांच्या छावणीत जन्मली, युद्धात ती छावणीही सोडावी लागली, लहानपणीच इथे आली. तिला चित्रकार व्हायचंय. वडील टॅक्सी चालवतात, त्यामुळे स्कॉलरशिप मिळाली तरच आर्ट कॉलेज. कॉलेजने चित्र दाखवायला बोलावलं होतं, आणि फोटो चालणार नव्हते. कागदावर तिचा हात आखडतो, म्हणून आदल्या संध्याकाळी तिने फळ्यावरच आपली आई काढली. मी बघतच राहिले.

सकाळी माझ्या नवऱ्याने, विवेकने, फळा व्हॅनमध्ये ठेवला. कॉलेजात पोचून उतरवला तर कोरा करकरीत!

"अगं, मला वाटलं तिथे जाऊन ड्रॉ करणार," विवेक म्हणाला. "म्हणून क्लीन करून घेतला."

माझं डोकंच फिरलं. पाहुणे येणार म्हटलं की स्विचबोर्डही पुसत सुटणारा माणूस, त्याला काय बोलणार? तरी बोलले, भरपूर.

"इट्स ओके, काकू," लमीस म्हणाली. "माझी चित्रं नेहमी मागेच राहतात. छावणीत जिन्याच्या भिंतीवर काढलेली, तीही राहिली."

रडू मला फुटलं. तिने मात्र खिशातून खडू काढला. विवेक व्हॅनमधलं पुसायचं फडकं धरून उभा होता.

"काका, आत चला. आणि डोन्ट मूव्ह."

हॉलमध्ये परीक्षक बाईंच्या टेबलासमोरच तिने त्याला उभं केलं आणि फळ्यावर उतरवायला घेतलं. पडलेले खांदे, सुटलेलं पोट, चुकलेल्या मुलासारखे डोळे. रांगेतली मुलं गोळा झाली. बाई खुर्चीतून उठून तिच्या मागे येऊन उभ्या राहिल्या. माझा विवेक इतका गोड दिसतो हे मला इतक्या वर्षांत कुणी दाखवलं नव्हतं.

"स्कॉलरशिप मीच ठरवते, आणि ती तुला दिली," बाई म्हणाल्या. "हा फळा मात्र इथे राहू दे. भिंतीवर लावू."

एरवी प्रत्येक गोष्टीला थँक यू म्हणणारी आमची लमीस. तिने फळा दोन्ही हातांनी उचलला.

"सॉरी, नो," ती म्हणाली. "हे चित्र मी घरी नेणार."