गोलमधला आवाज

"आज तिचा आवाजच येत नाहीये हो."

हाफटाइम होता. आई गाडीत बसून काकांशी बोलत होती. मागे उघड्या राहिलेल्या डिकीतून मी स्टिकला लावायची टेप काढत होते, हे दोघांनाही माहीत नव्हतं.

"वहिनी, घरी तरी कधी येतो?" काका म्हणाले. "दिवाळीला आमच्याकडे आली तेव्हा 'थँक यू काका' एवढंच बोलली. तेही चकलीकडे बघून."

आई हसली नाही. डिकी उघडीच ठेवून मी मैदानाकडे वळले.

काका आमचे अमेरिकेतले, एडिसन गावातले शेजारी. आईला हायवेवर ड्राइव्ह करायची भीती वाटते, म्हणून माझ्या मॅचला तेच तिला घेऊन येतात. पण आई मॅच बघत नाही. लॅक्रॉसचा बॉल कडक रबराचा असतो. जाळी लावलेल्या काठीने तो जोरात फेकतात, आणि मी गोलकीपर. आपल्या मुलीच्या अंगावर कोणी असं काही फेकतंय हे तिला बघवत नाही. ती पार्किंगमध्ये काच खाली करून बसते आणि माझा आवाज ऐकते.

कारण गोलकीपरला सतत ओरडावं लागतं. बॉल कुठे आहे ते पुढच्या बचावातल्या मुलींना सांगायचं. लेफ्ट, राइट, टॉप म्हणजे समोर, बिहाइंड म्हणजे गोलच्या मागे. त्यांची बऱ्याचदा बॉलकडे पाठ असते. त्या माझ्या शब्दावर धावतात. पुण्याहून सातवीत इथे आले तेव्हा मी कोणाशीच बोलत नव्हते; तोंड उघडावं म्हणून शाळेतल्या टीचरने मला गोलमध्ये उभं केलं. घरी आईला वाटलं, ही दोन दिवसांत रडत परत येईल. पण तिथे काय बोलू, ते कसं वाटेल, हा प्रश्नच नव्हता. बॉल दिसतो तिथे आहे असं सांगायचं, बस.

गेल्या आठवड्यात सरावात एक शॉट हेल्मेटवर बसला. तेव्हा काही वाटलं नाही. परतताना ट्रेनच्या खिडकीतून प्लॅटफॉर्मवरचा एकच दिवा मला दोन ठिकाणी दिसला. झोपून उठल्यावर जाईल असं वाटलं. गेलं नाही.

दुखापती बघणारी टीमची ट्रेनर रोज विचारायची, "डोकं दुखतंय? चक्कर?" मी म्हणायचे, "फाइन." मी तशीही गप्पच, त्यामुळे कोणाला वेगळं काही जाणवलं नाही. गोलकीपर आम्ही दोघी होतो आणि प्रोफेशनल टीममध्ये जागा एकच उरली होती. ही मॅच झाली की कोच नाव सांगणार होती. कॉलेजात माझ्याबरोबर खेळलेल्या सगळ्या केव्हाच ऑफिसला लागल्या. मी मात्र अर्धवेळ नोकऱ्या करत या जागेच्या मागे राहिले. ती गेली तर मी कोण? ओळखीच्या काकू विचारतात तसं, "मग सध्या काय करतेस?" आणि मी चकलीकडे बघत उभी.

पहिल्या हाफमध्ये मी बॉल बघणं सोडून समोरच्या टीमच्या मुलींचे खांदे बघत होते. त्या वळतील तिकडे बॉल असणार. पण अशाने ओरडायला उशीर व्हायचा, म्हणून ओरडणंच कमी झालं. ते कोचला कळलं नव्हतं. पार्किंगमध्ये बसलेल्या आईला कळलं होतं.

म्हणून दुसऱ्या हाफमध्ये मी मुद्दाम जोरात ओरडू लागले. अंदाजाने. "टॉप! लेफ्ट! लेफ्ट!" काही अंदाज बरोबर आले. आईला बरं वाटत असेल, असंही मनात येऊन गेलं. मग पुन्हा "लेफ्ट" म्हणाले. माझ्या पुढची मुलगी तशीच डावीकडे झेपावली. बॉल उजवीकडे होता. ती घाईने उलटी फिरली आणि शॉट थेट तिच्या बरगडीवर बसला. बचावातल्या मुलींच्या अंगावर माझ्यासारखं जाड पॅडिंग नसतं. ती गुडघ्यांवर बसली.

"तू लेफ्ट म्हणालीस ना?" धाप लागलेली असतानाच तिने विचारलं. "की माझंच चुकलं?"

ती रागावली नव्हती. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

खेळ थांबला. ट्रेनर धावत आली, तिची बरगडी चाचपून पाहिली, मग माझ्याकडे वळली. "आणि तू? ठीक आहेस?"

"फाइन" ओठांवर आलंच होतं. बाकावरची दुसरी गोलकीपर हेल्मेट हातात घेऊन उभी राहिली होती. कोच माझ्याकडे बघत होती. मी नजर चुकवून कुंपणाकडे पाहिलं.

तिथे आई होती. गाडीतून उतरून, पहिल्यांदाच मैदानाकडे तोंड करून. मला दोन आया दिसत होत्या, एकीला खेटून दुसरी, दोघींनी छातीशी पर्स घट्ट धरलेली. त्यांतली खरी कोणती ते मला कळेना.

मी गोलमधल्या आवाजात, पण मराठीत ओरडले. ऐकू सगळ्या मैदानाला गेलं, समजलं फक्त आईला आणि काकांना.

"आई, बॉल कुठे आहे ते मला दिसत नाहीये!"